मदत हवी आहे: बॅटरी चार्ज होत नाही, तिसरी घ्यायची ऐपत नाही

धायरीफाटा | मंगळवार, सकाळी १०.१५

नमस्कार मंडळी,
गाडीची बॅटरी चार्ज होत नाहीये. मार्चमध्ये नवी टाकली, ती जुलैत गेली. दुकानदारानं वॉरंटीत बदलून दिली, पण वर ऐकवलं की बॅटरीत दोष नाही, गाडी दाखवा. आता दुसरीनंही मान टाकली. आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, एसीचा डीसी करून बॅटरीला बेताचं व्होल्टेज देतं ते) बदलून झालं. वायरमननं सगळं बघितलं. काल रात्री दुसऱ्या पाळीहून येताना नाशिक फाट्याच्या पुलावर बंद पडली. सव्वा वाजला होता, वरून पाऊस, मागून ट्रक. मेकॅनिक म्हणतो चार्जिंगची कॉइल गेली, डावी बाजू उघडावी लागेल, साडेतीन हजार. मीटरवर १२.९ दाखवतंय. कॉइलच असेल का? जरा लवकर सांगा. रविवारी भाच्याच्या बारशाला वाईला जायचंय आणि तोवर कंपनीच्या बसला लटकतोय.

किकमार | १०.२२

कॉइलच. माझीपण गेली होती. डोळे झाकून बदल.

भोसरीकर | १०.३१

गाडी कुठली?

पेन्शनर कोथरूड | १०.४०

प्रश्नकर्त्याने गाडीचे नाव, साल, किक की सेल्फ, १२.९ कधी मोजले, यातले काहीही लिहिलेले नाही. डॉक्टरकडे जाऊन नुसते 'दुखतंय' म्हणण्यातला प्रकार. असो. अनुभवावरून सांगतो, कार्बन ब्रश बघा. माझ्याकडे यझदी होती, ६ व्होल्टची. डायनॅमोचे ब्रश घासले की चार्जिंग बंद. ब्रश बदलले, कम्युटेटर पॉलिश पेपरने हलकेच पुसला, की दोन वर्षे बघायला नको.

धायरीफाटा | १०.५८

बुलेट. लिहिलं नव्हतं का? डाव्या बाजूची कॉइल म्हटल्यावर कळेल असं वाटलं. बाबांची आहे, ९६ ची, स्टँडर्ड ३५०, पॉइंटवाली (ठिणगीसाठी उघडझाप करणारा जुना खटका), किक. १२.९ बॅटरीवर मोजलं.

भोसरीकर | ११.०५

काका, या बुलेटला ब्रश नाहीत. अल्टरनेटर आहे. क्रँकवर कायमचुंबकाचा रोटर फिरतो आणि भोवती कॉइलची प्लेट, दोन्ही चेनकेसमध्ये तेलात. घासायला तिथं काही नाहीच.

पेन्शनर कोथरूड | ११.१४

मी यझदीचे सांगितले. बुलेट आहे हे मला तेव्हा कुठे माहीत होते?

सोल्डरगन | ११.३०

१२.९ इंजिन चालू असताना की बंद?

बंद असताना असेल तर बॅटरी चार्जरवरून नुकतीच काढलेली आणि ठणठणीत. रेस देऊन असेल तर चार्जिंग जवळपास नाहीच. एकाच आकड्याचे दोन उलटे अर्थ होतात, म्हणून नुसत्या १२.९ चं काही करता येत नाही. चांगली बॅटरी दोनेक तास पडून राहिल्यावर १२.६ ते १२.८ दाखवते. १२ च्या आसपास आली म्हणजे बरीच रिकामी. गाडी चालू करून रेस दिली की बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरीतलं पाणी उकळून टाकतोय.

आणि अँमीटरचा काटा काय म्हणतो? उजवीकडे म्हणजे बॅटरी भरतेय, डावीकडे म्हणजे रिकामी होतेय. हेडलाइटच्या टोपात एक चालतंबोलतं मीटर असताना त्याच्याबद्दल एक शब्द नाही.

धायरीफाटा | ११.४१

काटा दिवसा मधोमध. लाइट लावली की डावीकडे. बाबा म्हणतात तो पूर्वीपासून असाच. १२.९ कधी मोजलं ते मेकॅनिकला विचारावं लागेल, मीटर त्याचा होता.

किकमार | ११.४९

मीटरबिटर कशाला? गाडी चालू करायची आणि बॅटरीची एक वायर काढायची. बंद पडली तर चार्जिंग नाही, चालू राहिली तर आहे. एका मिनिटात निकाल.

सोल्डरगन | ११.५५

कृपा करून हे करू नका. चालत्या गाडीत बॅटरी गादीसारखी असते, अल्टरनेटरचे हिसके ती झेलते. ती काढली की व्होल्टेज उसळतं. बल्ब उडतात, कधी नवा आरआरही जातो.

किकमार | १२.०२

वीस वर्षं करतोय. काही झालेलं नाही.

भोसरीकर | १२.०४

वीस वर्षांत बल्ब किती बदललेस?

किकमार | १२.०६

बल्ब काय, जातातच.

नियमावली | १२.३०

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या सर्व वाहनांना एचएसआरपी (सुरक्षा नंबरपाटी) सक्तीची आहे. बसवली का? शिवाय १५ वर्षांनंतर आरसीचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावे लागते, पर्यावरण कर वेगळा. संगम पुलाजवळच्या आरटीओत जाण्यापूर्वी पीयूसी काढून ठेवा.

धायरीफाटा | १२.३८

सगळं केलंय. पाटीनं बॅटरी चार्ज होत असेल तर सांगा.

घाटमाथा | दुपारी १.१०

एक शंका. माझ्या जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीवर नव्हताच, थेट मॅग्नेटवर. स्लोला मिणमिणायचा, रेस दिली की झगझगायचा. तुझ्या गाडीत इंजिन बंद ठेवून नुसती की फिरवली तर हेडलाइट लागतो का? आणि बल्ब किती वॅटचा?

धायरीफाटा | १.२५

लागतो. बल्ब ६०/५५ हॅलोजन. आधी पिवळा मरतुकडा होता, रिफ्लेक्टरसकट बदलला.

घाटमाथा | १.३१

सापडलं! ६० वॅट म्हणजे १२ व्होल्टला ५ अँपिअर. इग्निशन कॉइल, टेल लॅम्प, ब्रेक लाइट वेगळे. जुना अल्टरनेटर कुठवर पुरणार? एलईडी टाक, विषय संपला. मी तिन्ही गाड्यांना टाकलेत.

भोसरीकर | १.४०

विषय संपत नाही, झाकला जातो. दिवसा लाइट बंद असतानाही काटा मधल्या रेषेच्या उजवीकडे जात नाहीये, ते कुठल्या बल्बमुळे? आणि ते स्वस्तातले एलईडी पावसात समोरच्याच्या डोळ्यात जातात आणि आपल्याला रस्ता दिसत नाही. ताम्हिणीत धुक्यात एकदा चालवून बघ.

घाटमाथा | १.४४

ताम्हिणीत महिन्यातून दोनदा असतो. चांगला घेतला तर जात नाही डोळ्यात.

(पुढचे नऊ प्रतिसाद एलईडीवर. वाचले नाहीत तरी चालतील.)

वजाबाकी | ३.०५

रोज कामावर जायला-यायला तीस वर्षांची बुलेट? पेट्रोलचा हिशोब केला आहेस का कधी? इलेक्ट्रिक घे.

धायरीफाटा | ३.११

बाबांची आहे हो.

सोल्डरगन | ३.२०

मुद्द्यावर येऊ. एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, तापकीर गल्लीत कुठंही मिळेल, महागातला नको. मग तीन गोष्टी.

बॅटरी आधी बाहेरच्या चार्जरवर नीट भरून घ्या, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवतील. तिच्यावर जो एएच (अँपिअर-तास) आकडा छापलाय त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका करंट, दहाबारा तास. मग गाडी चालू करून स्लोला आणि रेसला बॅटरीच्या टोकांवर डीसी व्होल्ट मोजा, हेडलाइट बंद आणि चालू असे दोन्ही वेळा. त्यानंतर अल्टरनेटरकडून आरआरकडे जाणारा कपलर सोडवा आणि अल्टरनेटरच्या बाजूच्या वायरींमध्ये एसी व्होल्ट मोजा. वायरींचे रंग मी सांगत नाही. तीस वर्षांत कुणी काय जोडलंय देव जाणे.

एक लक्षात ठेवा, गाडी पॉइंटची आहे. इंजिन बंद असताना की चालू ठेवून मोजत बसू नका. पॉइंट मिटलेले असतील तर इग्निशन कॉइलमधून करंट वाहत राहतो, कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

पेन्शनर कोथरूड | ४.००

बॅटरीतले ॲसिड बदलून पाहावे. आम्ही बदलत असू.

सोल्डरगन | ४.०६

काका, नको. पातळी उतरली असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. बाष्प होऊन पाणी जातं, ॲसिड आतच राहतं. वरून ॲसिड ओतलं की प्लेटांचं आयुष्य घटतं.

धायरीफाटा | बुधवार, सकाळी ११.२०

मीटर आणला. बॅटरी काल रात्रभर शेजाऱ्यांच्या चार्जरवर होती. गाडी चालू, रेस दिली, मीटर ०.०० दाखवतोय. म्हणजे कॉइलच ना? मेकॅनिकला फोन करू?

भोसरीकर | ११.२४

गाडी चालू आहे आणि बॅटरीवर शून्य? मीटरचा खटका कशावर आहे? व्ही आणि त्यापुढे नागमोडी रेघ दिसतेय का?

धायरीफाटा | ११.२६

हो, नागमोडी.

भोसरीकर | ११.२७

ते एसी. सरळ रेघेवर आण, २० व्होल्टच्या घरात. फोन ठेव खाली.

धायरीफाटा | ११.५२

बंद गाडी १२.७. स्लोला १२.६. रेसला १२.९, त्याच्या वर जातच नाही. लाइट लावून रेसला १२.४.
कपलर सोडवून एसी मोजलं, स्लोला १९, रेसला ४६.

भोसरीकर | दुपारी १२.०१

मग कॉइल का बदलायची? ४६ देतेय ती. साडेतीन हजार खिशात ठेव. मेकॅनिकनं हे मोजलं होतं का?

धायरीफाटा | १२.०४

त्यानं कान लावून बघितलं होतं.

किकमार | १२.१०

थांबा. कॉइल थंड असताना बरोबर दाखवते. तेल तापलं की आतलं इन्सुलेशन सुटतं आणि मग मरते. माझी अशीच होती, घरी ठीक, कात्रजच्या चढावर खलास.

भोसरीकर | १२.१५

हे मात्र खरं बोललास. धायरीफाटा, दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आण आणि गरम असताना परत मोज. आधी सायलेन्सरला हात लावू नकोस.

धायरीफाटा | १.०५

नांदेड सिटीपासून खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो. गरम असताना ४४. हात लावला.

किकमार | १.०८

बरं. कॉइल नाही म्हणू या.

घाटमाथा | १.१५

मग काही तरी करंट खात असेल. मोबाइल चार्जर, अलार्म, असलं काही बसवलंय?

धायरीफाटा | १.३०

काहीच नाही. तरी की बंद करून निगेटिव्हच्या वायरमध्ये मीटर घालून अँपिअर बघितले, आधी १० च्या भोकात प्रोब घालून. ०.००. यावेळी सरळ रेघेवर होता.

आता शुक्रवारी पगार आहे, अजून एक आरआर आणू का नाना पेठेतून? पहिला डुप्लिकेट असेल.

सोल्डरगन | १.३८

आरआर कधी बदलला? बदलल्यावर आकड्यात काही फरक पडला का? आणि जमलं तर बॅटरी आणि आरआरच्या भोवतालचा फोटो टाका.

धायरीफाटा | १.५०

ऑगस्टमध्ये. फरक शून्य. फोटो जोडलाय, घाणीकडे दुर्लक्ष करा.

सोल्डरगन | २.०४

घाण कुठे आहे? मला तर उलटं दिसतंय. बॅटरीमागची चेसिस कोरी करकरीत काळी आहे, बोल्टच्या भोकांच्या कडासुद्धा. ९६ च्या गाडीची चेसिस अशी नसते. गाडी रंगवली आहे का? कधी?

धायरीफाटा | २.१०

हो, फेब्रुवारीत रिस्टोअर केली ना. पूर्ण सुटी करून पावडर कोटिंग. बाबांच्या साठीला. त्याचा काय संबंध? इंजिनला हात लावला नव्हता.

भोसरीकर | २.११

अरे देवा.

सोल्डरगन | २.२५

संबंध असा. पावडर कोटिंग म्हणजे भट्टीत भाजलेलं प्लास्टिकच समजा, त्यातून वीज जात नाही. तुमच्या गाडीत करंटचा परतीचा रस्ता चेसिसमधून आहे. काही आरआर युनिटना अर्थची (म्हणजे या परतीच्या रस्त्याची) वेगळी वायर असते, काहींची बॉडीच बोल्टनं चेसिसला लागून अर्थ होते. तुमच्या फोटोत वेगळी वायर दिसत नाही. म्हणजे युनिट रंगावर बसलंय आणि बिचारं बोल्टच्या दोन आट्यांतून श्वास घेतंय.

पूर्ण तुटलं असतं तर लगेच कळलं असतं. हे अर्धवट आहे. मोजायची रीत सांगते. गाडी चालू, हेडलाइट बंद, रेस द्या. मीटर डीसीवर. एक प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरा आरआरच्या उघड्या धातूवर टोचून. दोन्ही जागा अर्थच आहेत, म्हणजे आकडा जवळजवळ शून्य हवा. ०.२ च्या वर असेल तर तितके व्होल्ट वाटेत सांडतायत.

धायरीफाटा | २.४९

भाऊ, १.३ !!!

सोल्डरगन | २.५३

ताई. आणि सापडलं.

युनिट स्वतःच्या बॉडीपासून १४.२ मोजतं आणि म्हणतं, पुरे, झालं भरून. बॅटरीला मिळतात त्यातून १.३ वजा होऊन १२.९. युनिट खोटं बोलत नाही, त्याची पट्टीच चुकीच्या जागी लावलेली आहे. नवं युनिट आणलंत तरी तेच, कारण तेही त्याच रंगावर बसलं. लाइट लावली की करंट वाढतो, गळतीही वाढते, म्हणून १२.४. बॅटरी कधीच पूर्ण भरत नव्हती, आणि अर्धपोटी ठेवलेल्या प्लेटांवर सल्फेट चढतं. पहिलीचं चार महिन्यांत तेच झालं.

धायरीफाटा | २.५८

सॉरी ताई. आता करू काय? आज पाळी आहे, उद्या सकाळी वेळ आहे.

सोल्डरगन | ३.०६

युनिटचा बोल्ट काढा, खालचा रंग पॉलिश पेपरनं घासून चकचकीत लोखंड दिसू द्या. बॅटरीची निगेटिव्ह जिथं चेसिसला लागते तिथंही तेच, इंजिनच्या माउंटिंगवरही. शिवाय एक जाड वायर, दोन्ही टोकांना थिंबल (बोल्टमध्ये बसणारी धातूची कडी) दाबून, आरआरच्या बोल्टपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. ही करा म्हणजे करा. घासलेली जागा पुढच्या पावसाळ्यात गंजेल, वायर राहील. बसवून झाल्यावर वरून थोडं ग्रीस, आधी नाही.

पेन्शनर कोथरूड | ३.३०

आमच्या चेतकला बॅटरीच नव्हती. इंजिन बंद की दिवा बंद. आडवी करून दोन मिनिटे ठेवली की सुरू. वीस वर्षांत अर्थिंग हा शब्द ऐकला नाही.

भोसरीकर | ३.३४

काका, आडवी करायची ती पेट्रोलसाठी.

पेन्शनर कोथरूड | ३.४१

सुरू व्हायची हे महत्त्वाचे.

धायरीफाटा | गुरुवार, सकाळी ११.०५

केलं. रंग असा चिवट की बोटं सोलली. पॉलिश पेपर संपला, मग बाबांनी कानस काढून दिली आणि स्वतःच घासत बसले. फेब्रुवारीत रंगाचं कौतुक करताना हेच बाबा गाडीला कुणाला बोट लावू देत नव्हते. जाड वायर टाकली.

रेसला १४.१. लाइट लावून १३.७. बॅटरी निगेटिव्ह ते आरआर ०.०५. काटा मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे उभा आहे. हॉर्न असा वाजला की खालच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या. मला वाटायचं हॉर्न म्हातारा झालाय.

सोल्डरगन ताई, भोसरीकर, मनापासून आभार. किकमार, तुझं गरम करून मोजायचं बरोबर होतं, नाहीतर कॉइलची शंका राहिलीच असती.

किकमार | ११.१२

आता खात्रीसाठी एकदा वायर काढून बघ.

भोसरीकर | ११.१३

गप रे.

सोल्डरगन | ११.२०

छान. बॅटरी अजून एकदा रात्रभर चार्जरवर ठेवा. ती अर्धपोटी राहिली आहे, थोडं नुकसान झालेलं असणार. चार्जरवरून काढून रात्रभर पडू दिल्यावर सकाळी १२.५ च्या वर राहिली तर वाईला खुशाल जा. नाही राहिली तर एसटी आहेच. आणि बाबांचा काटा पूर्वीपासून असाच होता का, ते पुन्हा विचारा एकदा.

धायरीफाटा | ११.३१

विचारलं. म्हणाले, 'पूर्वीपासून म्हणजे फेब्रुवारीपासून.'

घाटमाथा | ११.४०

मी तरी म्हणेन एलईडी टाकच.

भोसरीकर | ११.४६

एक राहिलं. ऑगस्टमध्ये काढलेला जुना आरआर चांगलाच होता मग. कुठे आहे तो? ठेव जवळ, कामाला येईल.

धायरीफाटा | ११.४९

तो मेकॅनिकनं ठेवून घेतला. म्हणाला भंगारात टाकतो.

भोसरीकर | ११.५०

आता कुणाच्या तरी गाडीत असेल. नवा म्हणून.

धायरीफाटा | ११.५१

निघालो.